एका टेबलावर तेवीस विमानं

…आणि मी त्या बाकड्यावर बसलेलो, डोळ्यांत डॉक्टरनं थेंब घातलेले, हातातली चिठ्ठीसुद्धा वाचता येईना, आणि आतून आमची धाकटी फोनवर कुणाला तरी विचारतेय, "अहो, नुसतं 'पाठवा, पाठवा' म्हणू नका. तुमच्याकडे उभी किती राहतात ते सांगा!" काल आपण इथपर्यंत आलो होतो. मग जेवायची हाक आली आणि मला उठावं लागलं, कारण आमच्या घरात दुसरी हाक मारत नाहीत, सरळ ताट उचलून ठेवतात.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन पावलं मागं येतो. धाकटी म्हणजे माझी धाकटी सून. लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं, "काय काम करतेस, पोरी?" ती म्हणाली, "विमानं सोडते." झालं! मी गिरणीवर पीठ न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की आमची सून विमान चालवते. माझ्या मेहुण्यानं भर लग्नात तिला विचारलं, "वर गेल्यावर चक्कर नाही का येत?" ती म्हणाली, "मामा, मी दिवसभर खुर्चीवर असते." मेहुणा आजही समजतो की ती खुर्ची विमानात आहे. मी त्याला सुधारलेलं नाही, माझाच मान वाढतो.

खरं काम असं. विमान सुटण्याआधी त्याचा एक कागद बनतो. वाट कोणती, हवा कशी, इंधन किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठं उतरायचं. ते दुसरं विमानतळ आधीच लिहून ठेवावं लागतं आणि तिथवर पोचेल एवढं इंधन भरावं लागतं. कागदावर सह्या दोन. एक कॅप्टनची, एक हिची. हिच्या सहीशिवाय विमान हलत नाही, आणि सही केली की ते उतरेपर्यंत तिनं त्याच्यावर लक्ष ठेवायचं. ह्या लोकांना डिस्पॅचर म्हणतात. विमान देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून सुटो, कागद हिच्या ऑफिसातल्या एकाच खोलीत बनतो.

ती सवय तिच्या अंगात इतकी मुरली आहे की काय सांगू. आम्ही कुठं निघालो की विचारणार, "ते घरी नसले तर?" आमची मंडळी चिडतात. "अगं, माझी सख्खी बहीण ती, गुडघे दुखतात तिचे, कुठं जाणार आहे?" एकदा आम्ही पोचलो आणि दाराला हे एवढं कुलूप! आमच्या मंडळींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. धाकटीनं मागच्या गल्लीतल्या चुलत भावाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. तिथं बसून आम्ही चहा घेतला, आणि चहा संपेपर्यंत सासू सुनेशी एक शब्द बोलली नाही. बरोबर ठरलेल्या माणसावर राग जरा जास्तच येतो.

तर बाकडं. डोळ्यांचा दवाखाना तिच्या ऑफिसच्या समोरच. थेंबांमुळं जवळचं सगळं पुसट, बसचा नंबर कोण वाचणार? ती म्हणाली, "बाबा, माझी पाळी चारला सुटते, तोवर आमच्याकडे बसा." पहारेकऱ्यानं माझ्या गळ्यात पाहुण्याचा बिल्ला अडकवला आणि तिच्या खोलीच्या दाराबाहेर बसवलं. खोलीतला एसी बिघडला होता, म्हणून दाराला जुन्या जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा लावून ते उघडं ठेवलेलं. जवळचं दिसत नव्हतं तरी लांबचं दिसत होतं, आणि कान माझे अजून शाबूत आहेत. गिरणीवाल्याला असा योग पुन्हा कधी यायचा? मी पाय पसरून बसलो.

आत आठ टेबलं. प्रत्येकावर तीन पडदे, दोन फोन, एक कप. समोरच्या भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर पश्चिमेकडून लाल-पिवळ्या डागांची रांग हळूहळू सरकत येतेय. ते वादळी ढग. खिडकी एकच, तीही गाड्या लावायच्या आवाराकडे उघडणारी. शंभरेक विमानं सांभाळणारी खोली, आणि तिथून एक विमान दिसेल तर शपथ!

एका टेबलाला बारा विमानं, असा त्यांचा रिवाज. त्या दिवशी धाकटीच्या शेजारचा लंबू तापानं घरी होता. त्याची अकरा विमानं कुठं गेली? हिच्या टेबलावर. बारा आणि अकरा, तेवीस. मला वाटलं, हवा वाईट असली की माणसं जास्त बोलावत असतील. छे! स्वच्छ उन्हातही खोलीत आठ माणसं आणि वादळातही आठच, त्यात एक तापानं घरी. माझ्या गिरणीत दळण ओलं आलं की मी आधीच सांगायचो, आज अर्धीच पोती घेणार. इथं ओलं आलं की दुप्पट घ्यायचं! बाकड्यावर बसून माझीच चिडचिड व्हायला लागली.

धाकटीचं चित्र सांगतो. एक फोन कानाला, दुसरा खांद्यावर, नजर पडद्यावर, आणि पाय टेबलाखाली सारखा हलतोय. पाणी प्यायला कप उचलला, तेवढ्यात फोन, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा फोन. चार वेळा मोजलं मी. पाचव्यांदा तिनं कप टेबलाच्या पार कडेला ढकलून दिला, जसा काही त्यानंच तिचा वेळ खाल्ला.

आता तो फोन. त्या दिवशी जी विमानं आमच्या शहराकडे येणार होती, त्यांच्यासाठी संगणक स्वतःच दुसरी जागा सुचवतो. सगळ्यात जवळची. जवळचं लहान विमानतळ एकच आहे, तास-अर्ध्या तासावर. प्रत्येक कागद वेगळा पाहिला तर चोख बरोबर. पण धाकटीच्या डोक्यात आलं की आपल्याकडे खरंच बंद झालं तर सगळी तिथंच जातील. तिथं मावतील किती? हा प्रश्न कागदावर कुठं विचारलेलाच नाही, त्याला रकानाच नाही. म्हणून ती त्या लहान विमानतळावरच्या माणसाला फोन लावून बसली होती.

"सात जागा आहेत, ताई," तो म्हणाला. फोन तिनं स्पीकरवर टाकला होता, हात मोकळे राहावेत म्हणून. "पण दोन विमानं सकाळपासून बिघडून उभी, आणि एका जागेवर ती दुरुस्त करायची क्रेन."

"म्हणजे चार."

"चार."

"आणि आज तुमचं नाव किती जणांनी लिहिलंय?"

तो हसला. "मला कोण विचारून लिहितंय? आली की कळतं."

"एक जागा माझ्या विमानासाठी धराल?"

"जागा धरायला हे काय थिएटर आहे, ताई? जो आधी उतरेल त्याची."

तिनं फोन ठेवला आणि उठली. टेबलाटेबलाला जाऊन विचारायला लागली, "तुझी किती? तुझी किती?" कुणी म्हणालं, "थांब गं, मी फोनवर आहे," कुणी नुसती बोटं दाखवली. अकरा निघाली. एका खोलीतली अकरा, एकाच वेळेला, चार जागांवर. दुसऱ्या कंपन्यांची वेगळीच.

एवढ्यात पाळीप्रमुख आला. ह्याला मागं सगळे घड्याळसाहेब म्हणतात, कारण बोलताना मनगटावर बोट आपटत असतो. आणि आमच्या धाकटीला त्यानं नाव ठेवलंय थांबाबाई.

"काय थांबाबाई, आज काय थांबवायचंय?"

"साहेब, अकरा विमानांना एकच दुसरी जागा दिलीय. तिथं चार मावतात."

"नियमात बसतं ना?"

"एकेकटं बसतं."

"मग? अकराच्या अकरा एकदम कशाला जातील तिकडे?"

"ढग काय एकेकाला वेगळा अडवतो का? बंद झालं की सगळ्यांनाच बंद."

"अहो, झालं तर! 'झालं तर'वर कंपनी चालते का?"

"दुसरी जागा लिहितो ती 'झालं तर'साठीच ना, साहेब? तीनदा लेखी दिलंय मी, की मावतात किती ते मोजायला एक माणूस ठेवा. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'नोंद घेतली'."

"घेतलीय की नोंद!" असं म्हणून त्यानं बोट आपटलं आणि गेला. मला उठून त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटले, पण गळ्यात पाहुण्याचा बिल्ला, आणि उंबरा नीट दिसत नव्हता.

धाकटी परत टेबलाशी आली. अकरांपैकी सहा तिची. पाच अजून आपापल्या गावी जमिनीवर, सुटायला वीस-पंचवीस मिनिटं. सहावं हवेत. ते लंबूच्या वाट्याचं, सकाळी हिच्याकडे ढकललेलं. तिनं त्याचा कागद उघडला आणि तो हलणारा पायसुद्धा थांबला.

पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "काय गं?"

"उघडलाय दहा चाळीसला. सही दहा चाळीसलाच."

"मग?"

"मग काय! वाचलाच नाही मी. संगणकानं जे लिहिलं त्यावर सही केली. इंधन बेताचं. इथं आला, उतरता नाही आलं, की तिकडे जाणार. तिकडे जागा नसली तर तिसरीकडे जायला त्याच्याकडे काही नाही." मग पडद्यावरचा आकडा वाचत, "एकशे बत्तीस माणसं आहेत."

सकाळी तिच्यावर तेवीस कागद येऊन पडले होते, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, भिंतीला ठाऊक होतं. पण तिनं ते तोंडातून काढलं नाही. कपाळावर हात मारून घेतला एकदा, जोरात, आणि फोन उचलला.

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. जमिनीवरची पाचही विमानं तिनं थांबवली. सही परत घेते म्हणाली. पाच गावांतून पाच जणांचे फोन आले. एक म्हणाला, इथं ऊन पडलंय, कसलं वादळ? एक म्हणाला, प्रवासी आत बसलेत, त्यांना मी काय सांगू? "माझं नाव सांगा," धाकटी म्हणाली. तिला मागितली तरी जागा धरून मिळणार नव्हती. म्हणून तिनं जागेच्या वाटेवरची आपली पाच कमी केली. बाकीच्या टेबलांवरच्या पाचांपैकी दोघांच्या कागदांवर तिनं मागं लागून लांबची जागा लिहून घेतली. तीन हवेतच होती. तीन आणि हिचं एक, चार. बरोब्बर चार, तेही दुसऱ्या कुठल्या कंपनीचं आधी घुसलं नाही तर!

मग तिनं हवेतल्या कॅप्टनला संदेश पाठवला. इथून टाइप करायचं, तिकडे त्याच्यासमोर उमटतं. ती जे लिहायची ते पुटपुटत लिहायची, म्हणून मला कळलं. "इकडे येऊ नका. आत्ताच लहान विमानतळाकडे वळा."

उत्तर आलं. तिनं मोठ्यानं वाचलं आणि दात खाल्ले. "म्हणतो, समोर मोकळं दिसतंय, शहरावर दहा मिनिटं घिरट्या घालून बघतो. का वळू, विचारतोय."

तिनं लिहिलं, "जागा चार, येणारे जास्त. आणि तुमचा कागद सही करताना मी वाचला नव्हता."

पलीकडची बाई अर्धी उठलीच. "अगं वेडी का तू? हे लिहिलेलं जपून ठेवतात ते! नुसतं हवामान लिही!"

"त्याला नुसतं हवामान सांगितलं तर तो घिरट्या घालेल. त्याच्याकडे घिरट्या घालण्याएवढं नाहीये, आणि ते माझ्यामुळं." तिनं बटण दाबलं.

कॅप्टनचं उत्तर दोन शब्दांचं. "कळलं. वळतोय."

वीस मिनिटांनी आमच्या डोक्यावर असा काही कडकडाट झाला की पहारेकऱ्याच्या हातातली वही पडली. शहराचं विमानतळ बंद. खोलीतले सगळे फोन एकदम वाजायला लागले. धाकटीचं विमान लहान विमानतळावर उतरलं ते चौथं. मागून दुसऱ्या कंपनीचं आलं, त्याला धावपट्टीकडे जायच्या वाटेवरच उभं करावं लागलं, आणि त्यानंतर त्या लोकांनी हात वर केले. जागा नाही, कुणी येऊ नका. आणखी दोन आभाळात फिरत राहिली आणि कुठंतरी लांब जाऊन उतरली. सगळी उतरली, देवाची कृपा. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आणि तिथंच सगळी गोची आहे! काही झालं नाही, म्हणजे कंपनीच्या वहीत उरलं काय? पाच विमानं दीड-दोन तास उशिरा, थांबवणारी बाई अमुक अमुक. जे टळलं त्याला त्यांच्याकडे खातंच नाही.

दोन दिवसांनी तिला फॉर्म आला. उशिराचं कारण लिहा. कारणांची छापील यादी आहे, त्यातलं एक निवडायचं. हवामान, बिघाड, कर्मचारी उशिरा आले, प्रवासी उशिरा आले, अशी बावीस-तेवीस कारणं. ती तीन संध्याकाळी तो फॉर्म समोर घेऊन बसली. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, स्वभावानं गरीब, तो म्हणाला, "हवामानावर खूण कर आणि मोकळी हो. खोटं कुठं आहे? वादळ होतंच की."

"वादळानं सही केली होती का?"

"मग काय, मी न वाचता सही केली असं लिहिणार आहेस? परवाना काढून घेतील तुझा!"

"काढू देत. हवामान लिहिलं की फाइल बंद. उद्या पुन्हा कुणीतरी तापानं झोपेल आणि पुन्हा एका टेबलावर तेवीस."

"तुझ्या एकटीच्या लिहिण्यानं काय होणार आहे?"

"नोंद घेतील," ती म्हणाली, आणि कडवट हसली.

मला विचारलं असतं तर मीही हवामानच म्हणालो असतो, खोटं कशाला बोलू? घरातलं माणूस आहे, दहा वर्षं शिकून मिळवलेला परवाना. सासूनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा सुनेची बाजू घेतली. म्हणाली, "लिहू दे तिला. नाहीतर घरभर पाय हलवत बसेल." शेवटी धाकटीनं यादीतल्या एकाही कारणावर खूण केली नाही. खाली मोकळ्या जागेत हातानं लिहिलं: एका टेबलावर तेवीस विमानं, त्यातल्या एकाच्या कागदावर मी न वाचता सही केली.

मग चौकशी. आठवड्यानंतर, वरच्या मजल्यावर, लांब टेबलापलीकडे तिघं. घड्याळसाहेब एका टोकाला. त्यांनी तिनं कॅप्टनला पाठवलेला संदेश वाचून दाखवला, फॉर्म वाचून दाखवला. न वाचता सही करणं किती गंभीर, हे तिला अर्धा तास समजावून सांगितलं, जणू तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळायचं होतं! एक जण म्हणाला, कामाचा ताण प्रत्येकालाच असतो. दुसऱ्यानं विचारलं, त्याच वेळी तुम्ही वरिष्ठांना का नाही सांगितलं? तिनं घड्याळसाहेबांकडे पाहिलं, आणि त्यांना नेमकं तेव्हाच आपल्या घड्याळाचा पट्टा सैल करायचा होता.

शेवटी अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि प्रश्न टाकला, "तुम्ही स्वतःच लिहून देताय की न वाचता सही केली. मग ह्यापुढं तुमच्या सहीवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

परवान्याचा सगळा निकाल ह्या एका उत्तरावर होता. ह्या चौकशीत बोललेलं सगळं टाइप होतं आणि एक प्रत तिला मिळते. ती माझ्या उशाशी आहे, आता डोळेही चांगले दिसतात. त्यातलं तिचं उत्तर जसंच्या तसं देतो, माझा एक शब्द त्यात नाही:

"नका ठेवू, बाई. त्या दिवशी दहा चाळीसला मीही ठेवला नसता. पण आत्ता मी इथं तुमच्यासमोर बसलेय, खाली भिंतीवरच्या नकाशात पुन्हा लाल रांग सरकतेय, आणि माझी बारा विमानं तुम्ही सकाळपासून शेजारच्या टेबलावर टाकलीत. तो कालच तापातून उठलाय आणि त्याच्याकडे ह्या क्षणी चोवीस आहेत. माझं काय करायचं ते सावकाश ठरवा, मी कुठं पळून जात नाही. पण आधी मला खाली जाऊ द्या."